हरायला गेलात तरी कशाला?

२०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी फराळाला जमलेल्या मंडळींत भांडण झाले. 'भांडण' हा शब्द मी समजून उमजून वापरीत आहे; चर्चा म्हणावी इतके ते सभ्य नव्हते. डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मोटारींच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या एका गावात आम्ही सात मराठी कुटुंबे राहतो. बाहेर झाडांची पाने गळून गेली होती, आत चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू मांडले होते, आणि ते सारे सोडून आम्ही चौदा शिकलेसवरलेले लोक एका नटावरून एकमेकांवर तुटून पडलो होतो. एक नट, त्याच्याखाली नसलेला एक वायसर, आणि तो नट जिच्या हातून सैल राहिला ती पंधरा वर्षांची मुलगी, एवढाच वादाचा विषय होता.

"तुम्हाला कळलं होतं ना? मग गप्प का बसलात?" मुलीच्या वडिलांनी मला विचारले. हा गृहस्थ एरवी मला दादा म्हणतो. त्या दिवशी त्याने आडनावाने हाक मारली.

"आणि मुळात तिथे हरायला गेलात तरी कशाला?" त्याच्या पत्नीने भर घातली.

या दोन प्रश्नांची उत्तरे मला त्या दिवशी नीट देता आली नाहीत. तोंडात लाडू होता हे एक कारण, आणि डोक्यात राग होता हे दुसरे. राग आता उतरला आहे. मत मात्र उतरलेले नाही. ते येथे मांडतो. वाचकांपैकी पुष्कळांना ते पटणार नाही याची मला कल्पना आहे. पटण्यासारखेच लिहायचे असते तर मी फराळाच्या पाककृती लिहिल्या असत्या.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. मुलांना खेळाडूंचे जसे वेड असते तसे यंत्रे घडविण्याचेही लागावे, हा त्याचा हेतू. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्याला येऊन मिळाले. हे गृहस्थ आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सुट्या भागांची एकेक पेटी देत, त्यातून यंत्र बनवायला लावीत आणि मग त्या यंत्रांची झुंज लावीत. तीच कल्पना शाळेतल्या मुलांपर्यंत आली. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी, एका शाळेत पहिली स्पर्धा झाली तेव्हा २८ संघ होते. आज हा आकडा तीन हजारांच्या वर गेला आहे, आणि आमच्या मिशिगन राज्यात तर या खेळाचे खूळ गावोगाव आहे.

खेळाची रीत अशी. दरवर्षी जानेवारीच्या आरंभी नवा खेळ जाहीर होतो. तो पाहून प्रत्येक शाळेच्या संघाने आपला यंत्रमानव घडवायचा. यंत्रमानव म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर दोन हातपायांचा लोखंडी माणूस येईल. तसे काही नाही. चार चाकांची, उंबऱ्याला अडखळणारी, एखाद्या धिप्पाड ट्रंकेसारखी ती वस्तू असते. २०२४ साली तिला १२५ पौंडांपर्यंत वजनाची मुभा होती, बॅटरी वेगळी. सुमारे ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद अशा मैदानात एका बाजूला तीन संघ आणि विरुद्ध बाजूला तीन. २०२४ साली सामना अडीच मिनिटांचा होता. पहिली पंधरा सेकंदे यंत्रमानव आपल्या आपण, आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांवर चाले. मग मुले तो चालवतात. २०२४ च्या खेळात फोमची नारिंगी कडी जमिनीवरून उचलून माणसाच्या डोक्याहून उंच असलेल्या फटीत फेकायची होती आणि शेवटी साखळीला लोंबकळायचे होते. या सगळ्यात धक्काबुक्की बेसुमार होते. होऊ देतात.

आपल्या बाजूचे दोन साथीदार आपण निवडायचे नसतात. प्राथमिक फेरीत चिठ्ठी निघावी तसे ते वाट्याला येतात, दर सामन्याला वेगळे. आज जो साथीदार तो तासाभराने प्रतिस्पर्धी. तेव्हा आपला यंत्रमानव बंद पडला तर आपल्याबरोबर दोन परके संघही बुडतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच मला पकडले गेले.

आता हंगामाचा मुद्दा. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. मार्चमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धा, तेथल्या गुणांवर राज्याची स्पर्धा, आणि तेथून ज्यांची निवड होईल त्यांना ह्यूस्टनची जागतिक स्पर्धा. त्यानंतर उन्हाळ्यात आणि पानगळीत ठिकठिकाणचे संघ आपापल्या हौसेने स्पर्धा भरवतात. तोच जुना खेळ, तोच थकलेला यंत्रमानव. या हंगामाबाहेरच्या स्पर्धांचे गुण कुठेही धरले जात नाहीत. जिंकलात तर टाळ्या, हरलात तर घरी जा. २०२४ च्या ऑक्टोबरात अशाच एका स्पर्धेला आमचा संघ गेला आणि सपाटून हरून आला.

हरण्याची कथा थोडक्यात सांगतो. जूनमध्ये आमची जाणती मुले शाळा संपवून कॉलेजात गेली होती. मागे राहिली ती पंधरा-सोळा वर्षांची, ज्यांनी आजवर पाने पुसून डब्यात ठेवण्याचे आणि थोरल्यांना पाणी आणून देण्याचे काम केले होते. आमच्या मुख्य मार्गदर्शक बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात. त्यांनी निघण्यापूर्वी आम्हा मोठ्यांना एकत्र केले आणि बजावले की आज कुणीही मोठ्या माणसाने यंत्रमानवाला हात लावायचा नाही. मुलांनी विचारल्याशिवाय तोंडही उघडायचे नाही. मान हलवली सर्वांनी. मान हलवणे सोपे असते.

पहिल्या सामन्यात पन्नासाव्या सेकंदाला आमचा यंत्रमानव मैदानाच्या मधोमध मेला. दिवा विझला, चाके थांबली. पुन्हा शुद्धीवर यायला त्याला जवळजवळ पाऊण मिनिट लागले, तोवर खेळ हातचा गेला होता. आज्ञा लिहिणारी मुले म्हणाली, चूक आमच्या लिहिण्यात असणार. त्यांनी घाईघाईने चार ओळी बदलल्या. दुसऱ्या सामन्यात तोच प्रकार. मग संशय एका चाकाच्या मोटारीवर गेला. ती मोटार खोलली, दुसरी बसवली. त्यात दीड तास गेला. तिसऱ्या सामन्यात यंत्रमानव एकदा नव्हे, दोनदा मेला. आमच्या साथीदार संघातला एक उंच मुलगा सामन्यानंतर आमच्या मुलांकडे न पाहता निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते.

मला दुसऱ्या सामन्यातच उमगले होते. मी तीस वर्षे मोटारींच्या वायरिंगमध्ये काढली आहेत. टक्कर झाली की मरायचे आणि मग आपोआप जिवंत व्हायचे, हे लक्षण सैल जोडाचे. बॅटरीच्या खांबाला जाड तारेचे थिंबल नटबोल्टाने आवळलेले असते. नेहमी चालताना सैल जोडही भागवून नेतो. पण यंत्रमानव धडकला, थिंबल क्षणभर हलले, की वीज तुटते. तो क्षण डोळ्याच्या पापणीएवढा असेल, पण यंत्रमानवाचा मेंदू तेवढ्याने झोपतो आणि पुन्हा उठायला त्याला वेळ लागतो. दहा सेकंदांत पाना फिरवून मी ते दुरुस्त करू शकलो असतो. पाना माझ्या समोरच्या टेबलावर होता. मी खिशात हात घातले आणि उभा राहिलो.

बॅटरीची जबाबदारी जिच्याकडे होती ती मुलगी एव्हाना एका कोपऱ्यात जाऊन बसली होती. ती रडत होती हे तिच्या वडिलांचे म्हणणे खरे आहे. मी ते पाहिले हेही खरे.

तिसऱ्या सामन्यानंतर तिघे-चौघे संगणकापुढे बसले. सामना चालू असताना बॅटरीचा दाब किती होता याची क्षणाक्षणाची नोंद त्यात राहते. ती आमच्या मुलांना ठाऊक होती. पण हंगामात ती नेहमी कुणीतरी मोठा माणूस वाचायचा आणि निकाल सांगायचा. आज सांगणारा कुणी नव्हता. मुलांनी तीन सामन्यांच्या रेषा एकाखाली एक लावल्या. बॅटरी उतरत गेली असती तर रेषा हळूहळू खाली आली असती. तशी ती नव्हती. ती चांगली चालता चालता एकदम तुटलेली होती. मग एकाने गॅलरीतून कुणाच्या तरी आईने घेतलेले चित्रण मागवले आणि रेषा जेथे तुटली ती वेळ चित्रणात शोधली. चारही वेळा त्याआधी टक्कर झाली होती. ती मुलगी कोपऱ्यातून उठून आली. तिने बॅटरीचे थिंबल दोन बोटांत धरले आणि फिरवले. ते फिरले.

कुणी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "वायसर मीच विसरले." तिने इतर पाच बॅटऱ्या तपासल्या, त्यांपैकी दोन तशाच निघाल्या. सगळ्यांचे नट आवळून झाल्यावर तिने मला प्रथमच विचारले, "काका, अजून कुठे बघू?" मी म्हणालो, "जिथे जिथे जाड तार संपते तिथे." त्या दिवशी मी दिलेली मदत ती एवढीच.

पुढचे पाच सामने यंत्रमानव मेला नाही. त्यांपैकी दोन जिंकलो, तीन हरलो. वरचे आठ संघ पुढच्या बाद फेऱ्यांसाठी आपापले साथीदार निवडतात तेव्हा आमची मुले शर्ट नीट करून मैदानाच्या कडेला उभी राहिली. नावे पुकारली गेली, आमचे आले नाही. सामान आवरत असताना निवडल्या गेलेल्या एका संघाची पोरे बॅटरी उसनी मागायला आली, आणि त्यांत तो उंच मुलगाही होता. आमच्या मुलीने बॅटरी उचलली, हातात देण्यापूर्वी थिंबल फिरवून पाहिले, आणि मग दिली.

इतकी ही कथा. आता तिच्यावरची मते.

एक पक्ष निकालवाल्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, ज्या स्पर्धेचे गुण नाहीत, जिच्या बक्षिसाला कॉलेजच्या अर्जात जागा नाही, तिच्यासाठी शनिवार घालवावा कशाला? तेवढ्या वेळात गणिताची शिकवणी झाली असती. या पक्षाशी मला फार बोलायचे नाही, कारण त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तर त्यांना ठाऊक आहे. ते स्वतः सायकल शिकले तेव्हा गुडघे फुटल्याचे गुण त्यांना कुणी दिले नव्हते.

दुसरा पक्ष मला जास्त धोक्याचा वाटतो. तो सांत्वनवाल्यांचा. हे लोक गोड असतात. ते म्हणतात, हरणे-जिंकणे महत्त्वाचे नाही, मुलांनी मजा केली ना? मी विचारतो, कुणी केली मजा? त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलीने? पडलेल्या चेहऱ्याने मोटार खोलणाऱ्या मुलांनी? हरणे महत्त्वाचे नसते तर त्या चौघांनी तीन सामन्यांच्या रेषा एकाखाली एक लावल्याच नसत्या. त्यांना ते झोंबले म्हणून त्यांनी शोधले. मुलांचे दुःख खोटे ठरवणारे सांत्वन हा त्यांचा अपमान आहे. आपल्याकडे पोर पडले की आजी जमिनीलाच चापट मारते, "हात रे, बाळाला लागलं!" दोन वर्षांच्या बाळाला ते ठीक आहे. पंधरा वर्षांच्या मुलीपुढे जमिनीला चापट मारू नये. तिला आपण कशात अडखळलो ते पाहू द्यावे.

तिसरा पक्ष कर्त्यांचा, आणि या पक्षाचा मी जुना सभासद आहे. आमच्या गावात प्रत्येक बाप इंजिनिअर. मुलाच्या हातात पाना पाहिला की आमचे हात शिवशिवतात. या खेळाच्या नियमांत मोठ्यांनी हात लावू नये असे कोठेही म्हटलेले नाही. मोठ्यांनी आणि मुलांनी खांद्याला खांदा लावून काम करावे हीच संस्थेची मूळ कल्पना आहे, आणि ती चांगली आहे. पण खांद्याला खांदा लावता लावता आमचा खांदा पुढे जातो. जानेवारीत खेळ जाहीर होतो, मार्चमध्ये मैदानात उतरायचे असते. रात्रीचे नऊ वाजलेले, मुलगी नट आवळते आहे, तिला पाच मिनिटे लागतात, आपल्याला अर्धे. आपण म्हणतो, "आण इकडे बेटा, उशीर होतोय." यात दुष्टपणा यत्किंचित नाही. पण असे पंधरा 'आण इकडे' झाले की यंत्रमानव आपला होतो आणि मुले त्याच्या मिरवणुकीतले भालदार-चोपदार होतात.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. २०२४ च्या हंगामात त्या बॅटऱ्यांचे नट मीच आवळीत होतो. थोरली मुले बाकीच्या कामात बुडालेली, ही मुलगी नवीन, म्हणून दर स्पर्धेच्या आदल्या रात्री मी गुपचूप एक फेरी मारायचो आणि सगळे जोड पाहून घ्यायचो. हंगामभर आमचा यंत्रमानव एकदाही तसा मेला नाही. सर्वांना वाटले, मुलीला काम येते. तिलाही तसेच वाटले. म्हणजे ऑक्टोबरात तिची जी फजिती झाली तिची तयारी मी मार्चपासून करीत होतो! तिच्या वडिलांनी मला विचारायचा खरा प्रश्न, "तुम्ही गप्प का बसलात?" हा नव्हताच. "आधी सहा महिने तुम्ही का केलंत?" असे त्यांनी विचारायला हवे होते.

म्हणून मी म्हणतो की हंगामाबाहेरची स्पर्धा ही चैन नव्हे. हंगामात आम्ही मुलांना शिकवीत नाही, मुलांकडून काम उरकून घेतो. तेथे गुणांचा हिशेब असतो, राज्याच्या स्पर्धेचे दार असते, वर्षभर पैसे जमवणारी शाळा असते. तेथे खिशात हात घालून उभे राहणे मलाही जमणार नाही, आणि जमावे असा माझा आग्रहही नाही. पण वर्षातून निदान एक जागा अशी हवी की जेथे मुलाला चुकण्याची किंमत परवडते आणि मोठ्याला गप्प राहण्याची. ती जागा म्हणजे ही बिनगुणांची स्पर्धा.

हे अमेरिकेचे फॅड नव्हे. मुंबई-ठाण्याचे गोविंदा काय करतात? गोकुळाष्टमीच्या आधी कितीतरी दिवस रात्री मैदानात थर लावतात, कोसळतात, पुन्हा लावतात. त्या सरावाला ना हंडी, ना बक्षीस, ना बघे. पण खालच्या थरातला कोणता गडी कधी गुडघ्यात वाकतो हे तेथेच कळते. २००८ साली पुण्याला बालेवाडीत आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' स्पर्धा झाली, तेव्हा तिचा खेळ आपल्या गोविंदावरच बेतला होता. देशोदेशीच्या पोरांनी लोण्याच्या मटक्यांपर्यंत पोचणारी यंत्रे आणली. बघ्यांना दिसली ती पोचलेली यंत्रे. वसतिगृहांच्या व्हरांड्यांत पहाटे दोन वाजता कोसळलेली यंत्रे कुणी पाहिली नाहीत. परंतु पोचणारी यंत्रे त्या कोसळण्यातूनच निघाली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता माझ्यावरचा सर्वांत खरा आक्षेप. फराळाच्या दिवशी तो एका आजींनी घेतला. त्या भारतातून मुलाकडे आलेल्या. यंत्रमानव म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशीच कळले होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरांना शिकवायचं म्हणून तुम्ही गप्प राहिलात, ते समजलं. पण त्या दुसऱ्या दोन संघांच्या पोरांचं काय? त्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं?"

याला उत्तर नाही. निदान पुरते नाही. माझ्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात परक्या चार संघांनी मोजली. मी त्या दिवशी त्यांच्या मार्गदर्शकांना भेटून क्षमा मागितली. त्यांतल्या एकाने हसून सांगितले की मागच्या वर्षी त्याच्या मुलांनी असेच दुसऱ्यांना बुडवले होते. हंगामाबाहेर सारेच एकमेकांचे असे थोडेबहुत देणे लागतात. पण ते त्याचे औदार्य झाले. माझा युक्तिवाद नव्हे. आजींचा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यातून निघणारा धडाही. मुलांनी तो माझ्या आधी घेतला. चौथ्या सामन्यापूर्वी आमची दोन मुले साथीदारांकडे गेली आणि म्हणाली, "आमचा यंत्रमानव तीन सामन्यांत बंद पडला आहे. दोष सापडला असं वाटतं, पण खात्री नाही. आमच्यावर भरवसा ठेवून बेत आखू नका." आपल्या यंत्राचे दोष सोबत्याला खेळापूर्वी सांगणे हे मोठमोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना जमत नाही. पहिल्या सामन्यापूर्वी आमच्या मुलांनाही जमले नव्हते, तेव्हा ती छाती काढून "आमचा यंत्रमानव फर्स्ट क्लास!" म्हणाली होती. तीन पराभवांनंतर त्यांना खरे बोलता आले.

फराळाचा शेवट असा झाला की दोन बापांनी एक ठराव तयार केला: येत्या जानेवारीपासून विजेचे सगळे काम मोठ्यांनी करावे, मुलांनी "मदत करावी", आणि त्या मुलीला फलक-चित्रांच्या कामावर घ्यावे. हा ठराव नोव्हेंबरात संघाच्या सभेपुढे आला. मी विरुद्ध बोललो. फारसे चांगले बोललो नाही. बाईंनी मुलांना बोलावले. त्या मुलीने एक कागद वाचून दाखवला. त्यावर सतरा कलमे होती: प्रत्येक सामन्यापूर्वी कोणता जोड हाताने ओढून पाहायचा, कोणती तार हलवून पाहायची, तपासणाऱ्याने सही कोठे करायची, आणि शेवटचे कलम असे की जिने काम केले तिने ते तपासायचे नाही, दुसऱ्याने तपासायचे. हे शेवटचे कलम मला माझ्या कारखान्यात लोकांच्या गळी उतरवायला काही वर्षे लागली होती. तिने ते एका शनिवारात मिळवले होते.

ठराव पडला असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. मधला मार्ग निघाला. हंगामात मोठ्यांनी हात लावावा, पण मुलाच्या शेजारी उभे राहून, मागून गुपचूप नव्हे. हंगामाबाहेर हात खिशात. ती मुलगी विजेच्या कामावरच राहिली. तिचे वडील सभेतून निघताना माझ्याशी बोलले नाहीत. महिन्याभराने बोलू लागले.

आणि २०२५ च्या हंगामात आम्ही जिंकलो काय? नाही. त्या वर्षी प्लॅस्टिकच्या नळ्या उंच खुंट्यांवर लटकवायच्या होत्या. दुसऱ्या स्पर्धेत आमच्या यंत्रमानवाचा हात उखडला आणि राज्याची फेरी हुकली. बॅटरीने दगा दिला नाही. हात उखडला तेव्हा मुलांनी आधी कुणावर ओरड केली नाही; आधी चित्रण मागवले. ज्यांना ह्यूस्टनची तिकिटे हवी होती त्यांना यात समाधान नाही, आणि ते त्यांनी मानावे असे मी म्हणणार नाही.

दिवाळी आहे. अंगणात, निदान ज्यांना अजून अंगण आहे त्यांच्या अंगणात, पोरे किल्ला करीत असतील. पुण्याच्या बाजारात आता प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात. बुरूज रेखीव, रंग पक्का, पावसातही ढासळत नाहीत. घरच्या पोरांच्या किल्ल्याचा मात्र बुरूज पहिल्या संध्याकाळीच बसतो, कारण माती भुसभुशीत असते आणि आत दगड घालायचे कुणाला सुचलेले नसते. वाचकहो, तुमच्या अंगणातला बुरूज आज बसला तर एवढेच करा: हात खिशात घाला आणि थोडा वेळ उभे राहा. पोर वर बघून "बाबा, आत काय घालू?" असे विचारील. तेव्हा सांगा. त्याच्या आधी नको.